रांगेतला रेडिओ आणि रोजचा दीड जीबी



हे भाषण तुमच्यापैकी काहीजण हवेतून ऐकत असतील, काहीजण फोनवरच्या ॲपवरून. हवेतून ऐकणाऱ्यांना त्याचं काहीच मोल द्यावं लागत नाही. फोनवरून ऐकणाऱ्यांचा मात्र मी हे वाक्य बोलतोय तेवढ्या वेळातही थोडा थोडा डेटा जातो आहे. माझं बोलणं संपेपर्यंत तो साधारण पाच एमबी होईल. आकडा लहान आहे. पण न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर रात्र काढणाऱ्या माणसासाठी असल्या लहान आकड्यांची बेरीज महत्त्वाची असते, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

करळ फाटा, जासई, दास्तान फाटा, द्रोणागिरी या पट्ट्यात कंटेनर लादलेले ट्रेलर कुठे ना कुठे उभे दिसतात. 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या या बंदरानं 2024 या एका वर्षात, वीस फुटी मापानं मोजले तर, सत्तर लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. त्यातला मोठा हिस्सा रस्त्यानं येतो-जातो, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे केबिनमध्ये बसलेला एक ड्रायव्हर असतो. कधी गेटवर खोळंबा, कधी कागद अडलेले, कधी सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर ठेवण्याच्या, यार्डात जागा नाही. गाडी सोडून जाता येत नाही आणि पुरती झोपही घेता येत नाही. अशा वेळी त्याच्या सोबतीला असतो तो आवाज. पूर्वी टेप होता, मग पेनड्राइव्ह आला, आता फोन आहे.

आणि फोननं एक फार मोठी गोष्ट करून दाखवली आहे. बीडचा किंवा परभणीचा माणूस बंदराच्या रांगेत बसून बीडचं, परभणीचं आकाशवाणी केंद्र ऐकू शकतो. गावाकडे पाऊस झाला का, बाजारात काय भाव निघाला, हे गावच्याच निवेदकाच्या तोंडून त्याला इथे कळतं. आकाशवाणीच्या ॲपवर देशभरातली दोनशेहून जास्त केंद्रं आहेत. पंजाबातून आलेला ड्रायव्हर जालंधर लावतो, राजस्थानातला जोधपूर. लहरींच्या जमान्यात हे अशक्य होतं. लहान केंद्राचा आवाज जिल्ह्याच्या वेशीपाशीच विरायचा. माणूस पोटासाठी घरापासून चारशे किलोमीटर लांब गेला, तरी त्याच्या घराचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो, याचं मला मनापासून अप्रूप आहे. म्हणूनच हा आवाज मध्येच तुटला की वाईट वाटतं.

तुटतो कसा, ते समजून घेऊ. हिशेब अगदी साधा आहे. रेडिओचा प्रवाह किलोबिटमध्ये मोजतात आणि आपला पॅक एमबी-जीबीमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. म्हणजे सेकंदाला 64 किलोबिटचा प्रवाह तासाला सुमारे 29 एमबी खातो. 128 किलोबिटचा असेल तर दुप्पट, 58 एमबी. 32 चा असेल तर तासाला पंधरा एमबीसुद्धा लागत नाही. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसानं 64 किलोबिटवर दिवसरात्र, चोवीस तास, एक क्षणही न थांबता रेडिओ ऐकला तरी 700 एमबीच्या आत काम भागतं. अर्धा कोटासुद्धा संपत नाही.

मग रात्री दहाला 'नेट संपलं' असं जो तो का म्हणतो? कारण नेट रेडिओनं संपवलेलं नसतं, व्हिडिओनं संपवलेलं असतं. केबिनमध्ये बहुतेकजण गाणी ऐकतात ती यूट्यूबवर. फोन डॅशबोर्डवर पालथा ठेवलेला, नजर रस्त्यावर, कानाला फक्त गाणं. पण कोणी बघत नसलं तरी चित्र येतच असतं आणि त्याचे पैसे कापले जात असतात. सेकंदाला एक मेगाबिटचा साधा व्हिडिओ धरला तरी तासाला 450 एमबी जातात. 64 किलोबिटच्या रेडिओच्या पंधरापट! साडेतीन तासांत दिवसाचा पॅक साफ. तुम्ही यूट्यूब फक्त ऐकतच असाल, तर त्यातल्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा सर्वांत खाली आणा. चालत्या गाडीत नव्हे, गाडी उभी असताना.

आता यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. आपण 'नेट संपलं' म्हणतो तेव्हा बहुतेक पॅकमध्ये ते खरं म्हणजे संपलेलं नसतं. रोजचा कोटा संपल्यावर वेग 64 किलोबिटवर येतो, असं पॅकच्या बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. या वेगात व्हिडिओ चालणार नाही, फोटो उघडताना जीव जाईल. पण 32 किलोबिटचा रेडिओ या चिंचोळ्या वाटेतूनही येऊ शकतो. आजच्या संकोचनाच्या पद्धती इतक्या सुधारल्या आहेत की 32 किलोबिटमध्ये बातम्या, भाषण, श्रुतिका स्वच्छ ऐकू येतात आणि गाणंही ऐकण्याजोगं असतं. अडचण एवढीच की हा हलका प्रवाह केंद्रानं द्यायला हवा. प्रवाह 64 चा असेल आणि वाटही 64 ची, तर गाडी अडणारच. कारण त्याच वाटेनं व्हॉट्सॲपचे निरोप, ॲपच्या जाहिराती, कुठली तरी अपडेट असं सगळं घुसत असतं. दोन शब्द ऐकू येतात, मग फिरतं चक्र.

रात्रपाळीच्या माणसाचं आणखी एक दुखणं आहे. पॅकचा दिवस रात्री बाराला बदलतो. आठ वाजता कामावर चढलेल्या माणसाच्या पहिल्या चार तासांसाठी कोट्यातलं काहीच उरलेलं नसतं, कारण दिवसा झोपण्याआधी त्यानं घरी व्हिडिओ कॉल केलेला असतो, पोरांचं तोंड पाहिलेलं असतं. तो कॉल करू नको असं कोण म्हणेल? रेडिओ त्या पहिल्या चार तासांत बसला पाहिजे, आणि तो बसू शकतो.

ऐकण्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्या मुंबईला नवा नाही. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. श्रोत्यानं वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. परवाने पुरेसे निघाले नाहीत आणि 1930 मध्ये कंपनी बुडाली. पुढे सरकारनं प्रसारण हाती घेतलं, तरी परवाना राहिला. पोस्टात जाऊन रेडिओचं पुस्तक नूतन करून आणणारे वडीलधारे अनेकांना आठवत असतील. 1980च्या दशकात तो परवाना गेला. पण त्या व्यवस्थेत एक न्याय होता. वर्षाला एकदा पैसे भरले की कितीही ऐका, आणि तो पैसा प्रसारणाच्या कामी यायचा. आज 28 दिवसांच्या पॅकला तीनशेच्या आसपास रुपये लागतात, वर्षात असे तेरा रिचार्ज होतात, आणि त्यातला एक पैसाही गाणं लावणाऱ्या केंद्राकडे जात नाही.

शिवाय प्रक्षेपणाच्या मनोऱ्याला एकानं ऐकलं काय आणि लाखानं ऐकलं काय, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर तसं नाही. तिथे प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. एकाच रांगेतल्या शंभर केबिनमध्ये एकच केंद्र लागलं असेल, तर टॉवरवरून तेच गाणं शंभर वेळा येतं. त्यातून आजूबाजूला लोखंडी कंटेनर चार-पाच थर रचलेले. त्यांच्या आडोशाला रेंज पडते आणि गाणं अडखळतं.

म्हणून मला काळजी वाटते ती हवेतल्या रेडिओची. गेल्या काही वर्षांत देशभरातली मध्यम लहरींची अनेक जुनी प्रक्षेपण यंत्रं बंद झाली. ती चालवायला खर्च येतो, सुटे भाग मिळत नाहीत, हे मान्य. पण आमच्या या किनाऱ्याचा विचार करा. करंजा आणि मोऱ्याहून निघणारी मासेमारी बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोनची रेंज संपते. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा जास्त लांब जातात. वाऱ्याचा इशारा बोटीपर्यंत न्यायला हा मार्ग अजूनही उपयोगाचा आहे. समोरच्या घारापुरी बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. सेलवरच्या ट्रान्झिस्टरला त्या वेळापत्रकाची गरज नव्हती. आणि 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा. आपल्याच रायगडमध्ये, श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला, वीज गेली, टॉवर बंद पडले आणि कित्येक गावं दिवसचे दिवस फोनविना राहिली. ज्या वेळी बातमीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी डेटा नसतो. श्रोत्याच्या खिशातला पैसा आणि टॉवरची वीज, या दोन्हींवर अवलंबून नसलेला एक आवाज किनाऱ्यावर राहिलाच पाहिजे. ही मागणी मी जुन्याच्या प्रेमापोटी करत नाही.

डेटा नसतानाही ऐकण्याचा एक उपाय फोनमध्येही आहे. कित्येक फोनमध्ये एफएम ऐकण्याची सोय आतच असते आणि तिला डेटा लागत नाही. हेडफोनची वायर तिची एरियल होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं 2023 मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना कळवलं की ही सोय बंद ठेवू नका, आणि जिथे नसेल तिथे द्या. आपत्तीच्या वेळचा उपयोग हे त्याचं एक कारण होतं. नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सलचा हे आपण विचारतोच. एफएम आहे का आणि वायरच्या हेडफोनला जागा आहे का, हेही विचारा. फक्त यार्डात, क्रेनखाली, ट्रेलर मागे येत असताना कानात काही घालू नका. तिथे कान मोकळेच हवेत.

आता तुमच्याकडे एक काम सोपवतो. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराची यादी असते. त्यात रेडिओच्या ॲपसमोर महिन्याचा किती आकडा आहे, तो पाहा. रोज किती तास ऐकता, कोणतं केंद्र ऐकता आणि आवाज कुठे तुटतो, करळला, जसखारला की गेटजवळ, हे एका पोस्टकार्डावर लिहा आणि तुमच्या आकाशवाणी केंद्राला पाठवा. 32 किलोबिटचा हलका प्रवाह सुरू करा, अशी ओळ त्यात जरूर घाला. श्रोत्यांची पत्रं केंद्रात वाचली जातात. नाव-गाव लिहायला विसरू नका, आणि कोटा संपल्यावर ऐकत असाल, तर रात्रीची वेळही लिहा.