प्रबंध पुरा करणें

जालना जिल्ह्यांत केळना नदीच्या कांठीं भोकरदन हें तालुक्याचें गांव आहे. राजूरच्या गणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांस हा तालुका ठाऊक असतो. इतरांची आणि त्याची गांठ बहुधा नकाशावरच पडते. परंतु या गांवाचें प्राचीन नांव भोगवर्धन. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं येथील कांहीं भाविक माणसांनीं सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या बांधकामास दान दिलें व त्या दानाची नोंद ब्राह्मी लिपींत शिळेवर कोरविली. १९७३ सालीं प्रा. देव आणि प्रा. गुप्ते यांनीं भोकरदन येथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन संपन्न नगरीच्या खुणा उजेडांत आल्या. येथें मिळालेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई नगरींत १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं असलेलें साम्य पाहून विद्वान् चकित झाले.

दात्यांनीं कोरविलेलीं अक्षरें कालांतरानें कोणासच वाचतां येईनाशीं झालीं. अखेर १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप या पंडितानें सांचीच्या या लहान लहान लेखांचे ठसे पुढें ठेवून विचार केला. बहुतेक लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें येत होतीं. हे लेख दात्यांचे असावेत, व तीं दोन अक्षरें म्हणजे ‘दानं’ हा शब्द असावा, असा त्यानें तर्क बांधला. आणि त्या दोन अक्षरांच्या किल्लीनें ब्राह्मी लिपीचें कुलूप उघडूं लागलें. ज्यांनीं एखादी शिळा दिली आणि चार शब्द कोरविले, त्यांना आपण पुढील विद्येला काय देऊन जात आहों याची कल्पना असणें शक्य नव्हतें. त्यांनीं एवढेंच केलें कीं, हातीं घेतलेलें काम पुरें केलें व त्याची नोंद ठेविली.

आजचा विषय संगणकशास्त्रांतील संशोधनाची पारंगत पदवी हा आहे. त्याच्या आरंभीं हें जुनें वृत्त सांगण्याचें कारण पुढें आपोआप ध्यानांत येईल.

भोकरदनसारख्या गांवांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन एम. टेक.साठीं दूरच्या शहरीं जाते, तेव्हां घरांतील वडील मंडळींस पहिला आनंद ओसरल्यावर एक प्रश्न पडतो. पहिल्या वर्षीं पाठ असतात, परीक्षा असतात, गुण येतात. तें घरास समजतें. दुसऱ्या वर्षीं मात्र पाठ जवळ जवळ संपतात, आणि मूल नुसतें ‘प्रबंधाचें काम चालू आहे’ असें कळवितें. काय चालू आहे, किती झालें, किती राहिलें, यांपैकीं कशाचाच उलगडा होत नाहीं. तेवढ्यांत एखाद्या कंपनीचें बोलावणें येतें. पगार चांगला असतो. ‘पदवी मागाहून पुरी होईल, आधीं नोकरी धर,’ असा सल्ला शेजारीं देतात, आणि पुष्कळदां घरचेही देतात. मागाहून पुरी करीन म्हणून सोडलेला प्रबंध क्वचितच पुरा होतो, हा अनुभव शिकविणाऱ्या सर्वांचा आहे.

तेव्हां या दुसऱ्या वर्षांत विद्यार्थी करतो तरी काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. त्याचें पहिलें काम म्हणजे आपल्या विषयांत आजवर कोणीं काय केलें हें वाचून काढणें. दुसरें, त्यांतून एक प्रश्न निवडणें. आणि तो प्रश्न एका माणसास एका वर्षांत झेपेल इतका अरुंद करणें. बहुतेक नवशिके येथेंच अडखळतात, कारण त्यांना सगळें जग एकदम सुधारावयाचें असतें. तिसरें, त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून एखादी युक्ति, एखादी आज्ञावली किंवा एखादें यंत्र तयार करणें. चौथें, तें खरोखर चालतें कीं नाहीं याची कसोटी घेणें. आणि जेथें चालत नाहीं तेथें तसें प्रामाणिकपणें नमूद करणें. पांचवें, हें सर्व अशा रीतीनें लिहिणें कीं, अनोळखी वाचकानेंही तें वाचून तेंच काम पुन्हां करून पाहावें. आणि शेवटीं परीक्षकांसमोर उभें राहून तोंडी प्रश्नांस उत्तरें देणें. यांत परीक्षेप्रमाणें उत्तर आधीं ठरलेलें नसतें. मार्गदर्शक शिक्षकालाही तें ठाऊक नसतें. या पदवीची खरी अवघड जागा हीच, आणि तिची खरी किंमतही हीच.

ही गोष्ट एका उदाहरणानें स्पष्ट होईल, आणि तें उदाहरण मराठी घरांच्या अगदीं हाताशीं आहे.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत १९६३ सालीं आय. बी. एम. १६२० हा संगणक आला, आणि १९७१ पासून तेथें संगणकशास्त्रांत एम. टेक. व पीएच. डी. यांचे क्रम सुरू झाले. संगणकास त्या वेळीं इंग्रजी अक्षरेंच काय तीं ठाऊक होतीं. इंग्रजींत अक्षरें थोडीं, तीं एकापुढें एक मांडावयाचीं, कोणी कोणास जोडावयाचें नाहीं. देवनागरीची गोष्ट निराळी. तींत काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरें यांचा संसार आहे. ‘कार्त्स्न्य’ एवढ्या एका शब्दांत पांच व्यंजनें एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेलीं आहेत. अशी लिपी यंत्राला शिकवावयाची कशी? आर. एम. के. सिन्हा यांनीं कानपूर येथें १९७३ सालीं पूर्ण केलेल्या पीएच. डी.च्या प्रबंधाचा विषयच मुळीं देवनागरी अक्षरें यंत्राकडून ओळखविणें हा होता.

जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर काम केलेल्यांस अडचण लगेच कळेल. त्या यंत्रावर अक्षर उमटत नसे, अक्षराचे तुकडे उमटत. अर्धा आकार एका कळीवर, त्याचा दंड दुसऱ्या कळीवर. ‘किती’ हा शब्द लिहितांना उच्चारांत ‘क’ आधीं येतो आणि ऱ्हस्व इकार मागून. पण वेलांटी डावीकडे असल्यामुळें हात आधीं वेलांटीकडे जाई. कागदावर दिसावयास तें ठीक होतें. परंतु यंत्राच्या पोटांत जर हे तुकडेच सांठविले, तर त्यास शब्द समजत नाहीं, शब्दांची वर्णानुक्रमें यादी लावतां येत नाहीं, कीं एखादा शब्द शोधून काढतां येत नाहीं.

यावर निघालेला तोडगा ऐकावयास साधा आहे. लिहिणारानें उच्चाराच्या क्रमानें अक्षरें द्यावीं, यंत्रानें तींच त्या क्रमानें सांठवावीं, आणि पडद्यावर त्यांचा आकार कसा जुळवावयाचा हें यंत्रानें नियमांवरून स्वतःच ठरवावें. ‘कार्त्स्न्य’ या शब्दाचे मग एकामागून एक अकरा संकेत होतात: सहा व्यंजनें, एक काना आणि चार पायमोडे. जोडाक्षराचा आकार सांठवावाच लागत नाहीं. सिन्हा यांच्या या कार्यांत कानपूरला एम. टेक. करीत असलेले मोहन तांबे सामील झाले, आणि १९८३ सालीं देवनागरी व इंग्रजी या दोन्ही लिपी चालविणारें संगणकाचें यंत्र तेथें सिद्ध झालें.

तें काम प्रयोगशाळेच्या कपाटांत राहिलें नाहीं. १९८८ सालीं पुणें येथें सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत १९४६ सालीं जन्मले. नागपूर, बडोदें आणि दिल्ली येथें एकेक पायरी चढत त्यांनीं १९६८ सालीं एम. ई. आणि १९७२ सालीं पीएच. डी. पूर्ण केली. परम महासंगणक १९९१ सालीं ज्या संस्थेंत तयार झाला, त्याच संस्थेंत मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालीं ‘जिस्ट’ या नांवानें भारतीय लिप्यांचें कार्य पुढें चाललें. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें ‘इस्की’ ही संकेतपद्धति प्रमाण म्हणून मान्य केली. आणि तिच्या १९८८ सालच्या रूपावरून जागतिक ‘युनिकोड’ पद्धतींतील देवनागरीचा तक्ता घेतला गेला. आज भोकरदनच्या बाजारांत उभा राहून कोणी शेतकरी आपल्या हातांतील फोनवर मराठींत चार ओळी लिहितो, तेव्हां त्याचीं अक्षरें त्याच उच्चारक्रमानें सांठविलीं जातात.

या पद्धतींतील एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. मराठी, बंगाली, गुजराती, तेलुगु, तमिळ या लिप्यांचे आकार कितीही भिन्न असोत, त्या सर्वांचें मूळ ब्राह्मींत आहे आणि त्यांचा वर्णक्रम बव्हंशीं एकच आहे. म्हणून या सर्वांस एकच संकेततक्ता पुरला आणि एकच कळफलक चालला: डाव्या हाताशीं स्वर, उजव्या हाताशीं व्यंजनें. भोगवर्धनाच्या दात्यांनीं जी लिपी शिळेवर कोरविली, तिचाच वंशविस्तार संगणकाच्या कामीं आला.

त्यांतही मराठीची स्वतःची एक बाजू सांभाळावी लागली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोहोंत अक्षरें तींच, पण एकांत रफार आणि दुसऱ्यांत आडवा ‘र’. हिंदीस या भेदाची गरज नाहीं, मराठीचें मात्र त्यावांचून अडतें. तक्त्यांत यासाठीं एक निराळा ‘ऱ’ ठेवावा लागला. एवढ्याशा रेघेसाठीं कोणास तरी बसून विचार करावा लागला असेल. संशोधनाच्या पदवींत अरुंद प्रश्नाचें महत्त्व कां, तें यावरून कळतें. प्रश्न अरुंद असला म्हणून क्षुद्र होत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयाचें. १९७३ चा प्रबंध पुरा झाला, म्हणून १९८३ चें यंत्र झालें. तें यंत्र पुरें झालें, म्हणून १९८८ नंतर पुण्यांतील मंडळींस तें पुढें नेतां आलें. आणि तें प्रमाण म्हणून लिहून निघालें, म्हणून जगास तें घेतां आलें. यांतील एकही माणूस ‘कल्पना डोक्यांत आहे, लिहीन मागाहून’ म्हणून उठला असता, तर पुढच्यास पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागला असता. प्रबंध पुरा करणें म्हणजे आपलें काम दुसऱ्याच्या हातीं देण्याजोगें करणें. डोक्यांतील ज्ञान डोक्याबरोबर जातें. लिहिलेलें मागें राहतें.

मराठवाड्यास तर याचें महत्त्व अधिक वाटावयास हवें. हा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिकवणूक उर्दूंतून चाले, आणि मराठी मुलास उच्च शिक्षणाची वाट परक्या माध्यमांतून चालावी लागे. मराठवाड्याचें स्वतःचें विद्यापीठ १९५८ सालीं निघालें. आज तें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नांवानें चालतें. ज्या आजोबांस विद्यापीठच दूर होतें, त्यांच्या नातवंडांस आज संगणकाच्या संशोधनाचें दार उघडें आहे. दाराशीं जाऊन परत येणें हें त्यांस परवडणारें नाहीं.

दारांची रचनाही मध्यंतरीं बदलली आहे, हें पालकांनीं जाणून असावें. एम. फिल. ही संशोधनाची जुनी पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांनीं बंद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें, तीन वर्षांच्या पदवीनंतर येणाऱ्या दोन वर्षांच्या पारंगत क्रमांत दुसरें वर्ष सर्वस्वी संशोधनाला देण्याची वाट दाखविली आहे. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीं संशोधनाधिष्ठित एम. एस. ही स्वतंत्र पदवीच आहे. म्हणजे यापुढें जो कोणी डॉक्टरेटकडे जाईल, त्याच्या संशोधनाची पहिली परीक्षा बहुधा याच पदवींत होईल.

अर्थात् प्रत्येकानें हा मार्ग धरावा असें नाहीं. घरीं कर्ज असेल, दोन वर्षें पाऊस पडला नसेल, धाकट्या बहिणीचें शिक्षण अडलें असेल, तर जो मुलगा प्रबंध टाकून नोकरी धरतो त्यास कोणीं बोल लावूं नये. तोही एक प्रबंधच पुरा करीत असतो. परंतु जेथें नड नाहीं आणि केवळ धीर सुटला आहे, तेथें घरच्यांनीं आपलें काम ओळखावें. त्यांनीं मुलास संगणकाबद्दल कांहीं विचारूं नये. त्यांतलें उत्तर त्यांस समजणार नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारावें कीं, या आठवड्यांत किती पानें लिहिलीं. त्या प्रश्नानें मूल टेबलाशीं बसतें. आणि महिनाभर कांहीं सुचलें नाहीं असें त्यानें सांगितलें, तर ‘असें होतच असतें’ इतकेंच म्हणावें. कारण तें खरोखरच तसें होत असतें.

भोगवर्धनाहून सांचीची वाट कित्येक दिवसांची होती. दानाचें द्रव्य तेथवर पोंचलें, शिळा उभी राहिली, आणि शेवटीं चार शब्द कोरले गेले. ते चार शब्द ‘मागाहून’ म्हणून राहून गेले असते, तर शिळा तशीच उभी राहिली असती. पण भोकरदनचें नांव तिच्यावर नसतें.