बोंडअळीचे घर आपल्याच अंगणात



आपल्या बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या बाजूस रोकडा पैसा घरात येतो तो पुष्कळ अंशी कापसाचा. पोरांची शाळा, लेकीचे लग्न, सावकाराचे देणे, सारे बोंडावर. बोंड किडले की कुणब्याबरोबर सुतार-लोहाराचाही हात आखडतो. सबब गुलाबी बोंडअळी ही साऱ्या गावाची वैरीण होय.

२००२ साली आपल्या देशात बीटी कपाशी आली, २००६ साली तिची सुधारलेली जात आली. आता अळी संपली, असे पुष्कळांस वाटले. हिरवी अळी हटली खरी. पण गुलाबी अळी त्या विषाला सरावली व २०१७ साली मराठवाडा-विदर्भात तिने हातातोंडाशी आलेले पीक खाल्ले. बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावावयाच्या, त्या बहुतेकांनी लावल्या नाहीत. वर फरदड राखून अळीला महिनोन्‌महिने पोसले.

फवारणीने ही का मरत नाही? अंड्यातून निघताच ती पात्यात वा कोवळ्या बोंडात शिरते. मागे छिद्र बुजते. ती आत सरकी खात बसते, औषध बाहेर पानावर राहते. म्हणून डोळे मिटून विष ओतू नये. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक माणसे दगावली.

मग हिचे मर्म कोठे? वेचणी सरल्यावर ती न उमललेल्या बोंडांत, किडक्या सरकीत झोपून राहते. तीच बोंडे पऱ्हाटीसकट आपण सरपणासाठी दारी रचतो आणि पावसाळ्यात पाखरू उठून नव्या पिकावर जाते. मायबहिणींनो, चूल थंड ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पऱ्हाटीची उरली बोंडे तोडून प्रथम ती जाळा, आणि मृगापूर्वी पऱ्हाटी संपवा.

बंधूंनो, डिसेंबरअखेर शेत मोकळे करा. फरदडीच्या चार पैशांची किंमत पुढल्या साऱ्या पिकाने द्यावी लागते.

पीक दीड महिन्याचे झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पाखरे, अशी लागोपाठ तीन रात्री सापडली तर सावध व्हा. गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल, म्हणजे डोमकळी, दिसताच तोडून नष्ट करा. आठवड्यास एकरातून वीस हिरवी बोंडे फोडून पाहा. दोनांत अळी निघाली तरच कृषी विद्यापीठाने सांगितलेले औषध, तोंडास फडके बांधून व वारा पाठीशी घेऊन, मारा. सुरुवातीस घरचा निंबोळी अर्क बरा: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळावी व शंभर लिटर पाणी करावे.

शेवटची गोष्ट. पाखरू बांध ओळखत नाही. एकाने शेत स्वच्छ केले व शेजाऱ्याने पऱ्हाटी उभी ठेवली, तर दोघेही बुडतील. म्हणून चावडीवर बसून साऱ्या गावाने एकच दिवस ठरवावा. दैवाला बोल लावण्यापूर्वी इतके तरी करून पाहावे, हीच आमची विनंती.