मामीचा पासवर्ड मला दिसला

आजचा भाग म्हणजे जरा कबुलीजबाबच आहे.

माझ्या मामाचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. घरचेच पाच जण. त्यांना धंद्याच्या नावाचे मेल आयडी हवे होते. मी छाती पुढे काढून म्हटलं, पैसे कशाला घालवता, मी सर्व्हर चालवून देतो. भाड्याचं एक छोटं लिनक्स मशीन घेतलं. बाहेरून आलेली मेल उतरवून घ्यायला पोस्टफिक्स, आणि ती ज्याची त्याला द्यायला डव्हकॉट. आज बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल.

मी मुद्दाम फक्त पॉप ठेवलं होतं. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, आणि काम अगदी नावासारखंच. पोस्टमनची वाट बघून कंटाळलेली माणसं थेट पोस्टात जाऊन विचारायची ना, ‘आमचं काही आलंय का?’ तसं. फोन सर्व्हरला विचारतो, आलेलं उचलतो, निघतो. पहिली आवृत्ती १९८४ ची. आपण वापरतो ती तिसरी, आणि तिचे नियम १९९६ साली लिहिलेले आहेत. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठे!

यातलं बोलणं इतकं साधं आहे की हाताने टाइप करता येतं. फोन म्हणतो, ‘यूझर’ आणि नाव. सर्व्हर म्हणतो, ‘ओके’. फोन म्हणतो, ‘पास’ आणि पासवर्ड. बरोबर असेल तर पेटी उघडते, आणि तेवढ्या वेळापुरती दुसऱ्या कुणालाही बंद होते. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. ‘ही मेल काढून टाक’ म्हटलं तरी सर्व्हर लगेच काढत नाही, नुसती खूण करून ठेवतो. शेवटी ‘क्विट’ म्हटलं की मगच खरं पुसतो. म्हणजे कर्जत-लोणावळ्याच्या बोगद्यात मध्येच नेटवर्क गेलं तरी मेल जागेवर सुरक्षित.

आता माझी चूक. मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम काही केल्या जोडला जाईना. डव्हकॉट मुळात शहाणा आहे. एन्क्रिप्शन नसेल तर तो बाहेरून आलेला उघडा पासवर्ड घेतच नाही. पण रात्रीचा एक वाजला होता, मी वैतागलो होतो. ती अट मी बंद केली, ११० नंबरचा उघडा पोर्ट चालू केला. लगेच जोडलं गेलं. मी खूश, मामा खूश.

दोन आठवड्यांनी मामीचा फोन, ‘मेल येत नाहीये रे.’ नेमकं काय अडतंय बघायला मी सर्व्हरवर टीसीपीडम्प लावलं. येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं हे साधन. आणि स्क्रीनवर ‘पास’ या शब्दापुढे मामीचा अख्खा पासवर्ड. स्वच्छ, वाचता येईल असा. मुलाचं लाडाचं नाव आणि चार आकडे. म्हणजे हॉटेलच्या, स्टेशनच्या वायफायवर बसून तिने मेल बघितली असेल, तर तिथे कान लावून बसलेल्या कुणालाही तो मिळाला असता.

मी फोन लावला. ‘मामी, तुझा पासवर्ड मला दिसला.’

ती म्हणाली, ‘अरे, सर्व्हर तूच चालवतोस ना? मग तुला दिसणारच की.’

हे मला लागलं. कारण तसं असायला नको. ‘हाच पासवर्ड आणखी कुठे वापरतेस?’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, ‘बँकेला आहे.’

त्या रात्री मी दुरुस्तीला बसलो. पॉपमध्ये एपॉप नावाची एक जुनी युक्ती आहे. सर्व्हर दर वेळी एक नवा मजकूर देतो, फोन त्यात पासवर्ड मिसळून एमडी५ ने त्याचा चुरा करतो, आणि फक्त तो चुरा पाठवतो. पासवर्ड तारेवरून जातच नाही. ऐकायला झकास! पण ताळा करायचा तर सर्व्हरकडे मूळ पासवर्ड जसाच्या तसा हवा. म्हणजे वाटेतला चोर टाळला, आणि पाचही जणांचे पासवर्ड माझ्या डिस्कवर उघडे मांडून ठेवले. शिवाय २००७ साली एपॉप फोडायची पद्धतही जाहीर झाली. सोडून दिलं.

उलटा मार्ग बरा. आधी टीएलएसचा बंद बोगदा, पोर्ट ९९५, आणि त्यातून पासवर्ड साधाच पाठवायचा. सर्व्हरच्या फाइलमध्ये फक्त त्याचा हॅश. आलेला पासवर्ड तसाच दळायचा, जुळतोय का बघायचं, विसरायचं. आता खरं सांगायचं तर मी बदमाश असतो तर सर्व्हरवर बसून अजूनही पकडू शकलो असतो. पण उद्या कुणी ती फाइल चोरली, तर पासवर्ड आयते हातात पडणार नाहीत.

११० बंद केला. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ९० दिवस चालतं. ते आपोआप नवं होतं, पण डव्हकॉटला ‘परत वाच’ असं सांगावं लागतं. हे मी विसरलो होतो, आणि एका सकाळी पाचही फोन ओरडले. तेव्हा आता नूतनीकरणाच्या आज्ञेलाच ते जोडून ठेवलंय. लॉगमध्ये अनोळखी मंडळी ‘अॅडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावं लावून दार वाजवताना दिसतात. त्यांच्यासाठी फेलटूबॅन. ठरावीक वेळा चुकलात की तुमचा पत्ता काही काळ बंद. (मामा स्वतः दोनदा अडकलाय.)

तुमच्या फोनमध्ये असं वेगळं मेल अकाउंट असेल तर सेटिंगमध्ये जा, ‘सिक्युरिटी टाइप’ बघा. तिथे ‘नन’ असेल तर ज्याने लावून दिलंय त्याला आजच फोन करा. तो माझ्यासारखाच कुणीतरी भाचा असणार.

रविवारी मी मामाकडे गेलो. लॅपटॉपवर हॅश बनवायची आज्ञा उघडून दिली, एकेकाला बसवलं आणि नवा पासवर्ड दोनदा टाइप करायला लावला. मी भिंतीकडे तोंड करून उभा. मामीची पाळी शेवटी आली. बँकेचा तिने आदल्या दिवशीच बदलला होता.

‘बघू नकोस हं,’ ती म्हणाली.