पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी



पाणी गाळून, उकळून प्यावे हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यामुळे पाणी पोटात गेले तरच बाधते, अशी आपली समजूत. आजच्या रोगाला तोंडाची वाट लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून धुणे धुतले तरी पुरते! नाव बिल्हार्झिया. नाव परके म्हणून रोगही परका समजू नका. १९५२ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी गाडगीळ आणि शाह यांना तो आढळला. पण त्याचे जुने घर इजिप्त. आधी तिकडे जाऊ.

कैरोच्या इस्पितळात थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराला १८५१ साली शवविच्छेदन करताना हे कृमी दिसले. नराच्या अंगाला पन्हळीसारखी खाच असते, तिच्यात मादी राहते, आणि ही जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे संसार करते. अंड्याच्या टोकाला काटा. अंडी मूत्राशयाच्या भिंतीतून बाहेर पडतात तेव्हा लघवीतून रक्त जाते. आफ्रिकेत काही ठिकाणी मुलाच्या लघवीत रक्त दिसले, की तो वयात आला असे मानीत. रोग किती अंगवळणी पडावा!

ती लघवी पाण्यात पडली, की अंडे फुटते आणि आतला जीव पाण्यातली गोगलगाय गाठतो. काही आठवड्यांनी त्या एका गोगलगायीतून हजारो सूक्ष्म अळ्या सुटतात, त्याही बहुधा भर दुपारी, पोरे डुंबत असतात त्याच सुमारास. काही मिनिटांत त्या कातडीतून आत शिरतात. लायपर यांनी हे १९१५ साली इजिप्तमध्ये सिद्ध केले. म्हणजे पाण्याने दिलेले हे दुखणे पाण्याला आधी माणसानेच दिलेले असते.

मग माणसे पाण्यात उतरतातच कशाला? हा प्रश्न नळ असलेल्यांचा. आपल्याकडे नळ तासभर उशिरा आला तर आपण नगरपालिकेच्या नावाने खडे फोडतो. नाईलकाठच्या शेतकऱ्याला पाटातूनच पाणी वळवायचे असते, आणि बायकांना भांडी तिथेच घासायची असतात. पूर्वी वर्षातून एकदा पूर येई, मग जमीन सुके आणि गोगलगायीही मरत. धरणे झाली, कालवे बारमाही झाले, पिके वाढली, गोगलगायींचेही फावले.

उपायानेही घात केला. १९५० नंतर कित्येक वर्षे सरकारने गावोगाव अँटिमनीच्या सुया टोचल्या. हेतू चांगला होता. पण त्याच सुया नीट न उकळता पुन्हा वापरल्या गेल्या आणि यकृताच्या ‘हेपटायटिस सी’चे विषाणू त्यांतून लाखो लोकांत पसरले. पुढे प्राझिक्वांटेलच्या गोळ्या आल्या आणि सुईची गरज संपली. मात्र गोळी घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच कालव्यात उतरला, तर रोग पुन्हा होतो.

अळी गोगलगायीबाहेर फार तर दोन दिवस जगते. म्हणून पाणी दोन दिवस झाकून साठवले, गोगलगायी आत येऊ दिल्या नाहीत, तर ते अंगावर घ्यायला चालते. पण घरी साठवायला हौद हवा, धुण्याला दगडी ओटा हवा, ओढ्यावर साकव हवा आणि शौचकूप हवा. यांतले काहीच डॉक्टराच्या पेटीत नसते.

गिमवीचे ते केंद्र पुढे नाहीसे झाले. तिथे रोग वाहणारी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले गेले, ती गोगलगाय नखाहूनही लहान. ती आपल्या ओढ्यांत आजही आहे.