बोट ठेवून वाचणे
(वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा त्या मंडळींचा आमच्यावरील लोभ होय. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. त्या पुंजीवर आम्ही पस्तीस वर्षे शाळेत खडू झिजविला. अशा मनुष्याने महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेविषयी बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय आमच्या घरीच घडला, आणि त्यात आमच्या हातून झालेली एक चूक आहे. ती सांगितल्यावाचून या वयात राहवत नाही.

आमच्या नातीने बारावीत असताना ‘क्लॅट’ परीक्षेस बसण्याचे ठरविले. राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ही परीक्षा २००८ साली सुरू झाली. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधि विद्यापीठांचे दारही तिच्यातूनच उघडते. २०२० पासून तिचे स्वरूप पालटले. पाठ केलेल्या माहितीवरचे सुटे प्रश्न जाऊन उताऱ्यांवरील प्रश्न आले. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. इंग्रजीचे आणि कायद्याच्या तर्काचे उतारे सुमारे ४५० शब्दांचे असतात. उत्तर बरोबर आल्यास एक गुण मिळतो, चुकल्यास पाव गुण वजा होतो. म्हणजे वाचनाचा वेळ धरून एका प्रश्नास अवघे एक मिनिट!

नातीस दहावीला इंग्रजीत उत्तम गुण होते. पहिल्या सराव परीक्षेत मात्र इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकी नऊच उत्तरे बरोबर आली. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. चिरंजीव क्लासच्या फीसाठी कर्ज काढावयास निघाले. आम्ही म्हटले, “आधी रोग तर पाहू.” शब्दकोश जवळ घेऊन तिच्यासह एकेक चूक तपासू लागलो, तेव्हा ध्यानात आले की शब्द तिला येत होते, पण उतारा ती वाचतच नव्हती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जेथे दिसेल, तेथील वाक्यासारखा दिसणारा पर्याय ती निवडीत होती.

ही रीत तिला कोणी शिकविली? ज्ञातिबांधवहो, ती आमच्यासारख्या शिक्षकांनीच शिकविली. “प्रश्नातला शब्द धड्यात शोधा आणि ते वाक्य उतरून काढा,” हा मंत्र आम्ही वर्षानुवर्षे वर्गात दिला. निकाल चांगले लागले, शाल-श्रीफळही मिळाले. परंतु मुलांनी वाचले काय आणि समजले काय, हे आम्ही कधी विचारले नाही. त्याचे माप आमच्याच घरी आमच्या पदरात पडले.

तेव्हा आम्हांस आमच्या आजीच्या घरची पोथी आठवली. चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ लागे. एकजण ओव्या वाची आणि दुसरा थांबवून म्हणे, “आता अर्थ सांगा.” अर्थ सांगितल्यावाचून पान उलटत नसे. हीच रीत आम्ही इंग्रजी उताऱ्यास लाविली.

रोज पहाटे वर्तमानपत्रातील एक अग्रलेख ती मोठ्याने वाची. प्रत्येक परिच्छेद संपला की त्याचे सार मराठीत एकाच वाक्यात सांगावयाचे. सांगता आले नाही तर पुन्हा वाचावयाचे. ‘बट्’, ‘हाउएव्हर’, ‘यट्’ असे शब्द आले की पेन्सिलीची खूण करावयाची. कारण लेखक बहुधा तेथे वळण घेतो आणि त्याचे स्वतःचे मत त्या वळणापलीकडे असते. शेवटी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची : लेखकास काय म्हणावयाचे आहे, आणि ते तो कशाच्या आधारे म्हणतो?

पर्याय निवडताना आमचा एकच नियम असे : “बाळ, उताऱ्यात कोठे आहे? बोट ठेव.” बोट ठेवता आले नाही तर तो पर्याय बाद. चुकीचे पर्यायही ओळखीचे होत गेले. एकात ‘नेहमी’, ‘केवळ’ असा टोकाचा शब्द घुसडलेला असतो. दुसरा जगात खरा असतो, पण उताऱ्यात नसतो. तिसरा उताऱ्याचेच शब्द घेऊन अर्थ उलटा करतो. शब्दाचा अर्थ विचारला असेल तर पर्याय झाकून, त्या जागी आपला शब्द घालून पाहावा आणि मगच पर्याय पाहावेत.

एक वही केवळ चुकांची केली. तीत बरोबर उत्तर लिहून भागत नसे. आपण का फसलो, हे लिहावे लागे. पहिले दोन महिने घड्याळ कपाटात ठेवले. समज पक्की झाल्यावर ते बाहेर काढले. चार चुकांनी एक कमावलेला गुण जातो. म्हणून दोन पर्याय खात्रीने बाद झाले तरच अंदाज करावा, असा आम्ही दंडक घातला.

सात महिन्यांनी सराव परीक्षेत २४ पैकी १९ उत्तरे बरोबर येऊ लागली. तथापि येथे खोटे बोलणार नाही. गणिताचे प्रश्न कच्चे राहिले आणि राष्ट्रीय विधि विद्यापीठात तिला जागा मिळाली नाही. राज्याच्या प्रवेशपरीक्षेतून ती विधि महाविद्यालयात गेली. श्रम व्यर्थ गेले, असे घरात काहींनी म्हटलेही. परंतु गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी कर्जाचा एक करारनामा सहीसाठी आणला. ती म्हणाली, “आबा, तुम्ही समजता तसे यात नाही,” आणि व्याजदर पुढे बदलू शकतो, या कलमावर तिने बोट ठेविले. आम्ही तो कागद दोनदा वाचला होता! त्या दिवशी सही थांबली.

म्हणून या सभेपुढे आमची नम्र विनंती आहे. आपला शिक्षणनिधी क्लासच्या फीसाठी साहाय्य देतो, ते अवश्य द्यावे. परंतु त्यातील थोडा भाग काढून या सभागृहाची मागील खोली सकाळी दोन तास उघडी ठेवावी. एक मराठी व एक इंग्रजी वर्तमानपत्र, एक शब्दकोश आणि जुन्या प्रश्नपत्रिका, एवढेच साहित्य पुरे. मुलाजवळ बसून “अर्थ सांग” म्हणणारे वडील मनुष्य मात्र रोज हवे. ज्या मातांस इंग्रजी येत नाही त्यांनीही बसावे. मुलाने मराठीत सांगितलेला अर्थ त्यांस समजला नाही, तर तो त्यासही समजलेला नाही असे खुशाल धरावे.

त्या खोलीची किल्ली आम्हांस द्यावी. सोमवारपासून आम्ही सकाळी सहा वाजता दार उघडू. पस्तीस वर्षांचे आमचे देणे आहे. देवाने हातपाय धड ठेविले आहेत, तोवर ते थोडेथोडे फेडू.