स्वेटर उसवताना

(मंडळाच्या महिला शाखेच्या विणकाम गटाने गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेलं भाषण. आम्ही चौघींनी ते आळीपाळीने वाचलं होतं. स्मरणिकेसाठी सलग करून दिलं आहे.)



आम्हाला विषय दिला होता ‘लोकरीच्या कपड्यांची आजची फॅशन’. आमच्यातल्या एकीनेही फॅशनचं शिक्षण घेतलेलं नाही. दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या वरच्या खोलीत जमून विणणाऱ्या आम्ही आठ जणी. पण एक खोड आम्हा सगळ्यांना आहे. कुणाच्याही अंगावर नवा स्वेटर दिसला की त्याची कड उलटी करून आतली बाजू बघायची. तेव्हा फॅशनबद्दल जे सांगू ते आतल्या बाजूने सांगू.

गोष्ट सुरू झाली दिवाळीत. आमच्यातल्या एका काकूंची नात बाहेरगावी डिझाइन शिकते. ती सुट्टीत ग्वाल्हेरला आली आणि आजीच्या ट्रंकेतून एक मरून स्वेटर काढून म्हणाली, “आजी, हा उसवून मला नवा काहीतरी विणून दे ना.” तो स्वेटर काकूंच्या सासूबाईंनी काकांसाठी विणलेला. काका आता नाहीत. काकू दोन आठवडे काही बोलल्या नाहीत, मग एका गुरुवारी तो पिशवीतून घेऊन आल्या. सोबत नातीचा स्वतःचा एक क्रीम रंगाचा महागडा स्वेटरही होता. तिला तो आता आवडत नव्हता, म्हणून “हाही उसवा” असा निरोप होता.

क्रीमच्या स्वेटरमध्ये कुणाचा जीव अडकलेला नव्हता, म्हणून आधी तोच घेतला. खालच्या कडेला धागा सापडला, ओढला, आणि दोन-तीन हात धागा येऊन संपला. पुढची ओळ, पुन्हा तेच. तासाभरात टेबलावर तुकड्यांचा ढीग झाला. त्याचा गुंडा कसा करणार?

कारण समजायला सोपं आहे. मराठीत आपण कापड विणतो, खाट विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो, क्रियापद एकच. पण कापडात उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे. स्वेटरमध्ये एकच धागा असतो आणि प्रत्येक ओळीचे फास मागच्या ओळीच्या फासांतून ओढलेले असतात. म्हणून तो ताणतो, आणि म्हणूनच उसवतो. नातीचा स्वेटर मात्र असा विणलाच नव्हता. मोठ्या पन्ह्याचं विणलेलं कापड काढायचं, थर लावून पाठ, पोट, बाह्या कापायच्या आणि कडा इंटरलॉक करून शिवायच्या, असा तो प्रकार. कात्री लागली की प्रत्येक ओळीचा धागा तुटतो. आपले टी-शर्टही असेच होतात. तेही विणलेलंच कापड, फक्त सुताचं आणि बारीक. आपल्याकडे हिवाळ्यात तिबेटी बाजार लागतो, तिथला माल पुष्कळसा लुधियानाहून येतो. तिथे घेताना आत बघा. जाड इंटरलॉक दिसली तर कापलेला.

दुसऱ्या प्रकारात यंत्रावरच टाके कमी-जास्त करून भाग आकारातच विणतात. काखेपाशी तिरक्या रांगेत बारीक खुणा दिसतात, आपण दोन टाके एकत्र घेतल्यावर दिसतात तशाच. हा उसवतो. तिसरा प्रकार जपानचा. वाकायामा शहरातल्या शिमा सेइकी कंपनीने १९९५ साली मिलानच्या प्रदर्शनात असं यंत्र मांडलं, की त्यातून अख्खा स्वेटर शिवणीशिवाय बाहेर पडतो. ही कंपनी मुळात हातमोज्यांची यंत्रं करायची. विचार करा, हातमोजा म्हणजे जोडलेल्या नळ्या, आणि स्वेटर म्हणजे एक मोठी नळी आणि दोन लहान. हे ऐकून आमच्या एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे गोल सुईवरचं आपलंच काम की!” आहे खरं. फक्त यंत्राला दुसऱ्या बाहीचा कंटाळा येत नाही. कापणं नाही म्हणून चिंध्याही नाहीत, त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या आता या पद्धतीकडे वळताहेत. जपानच्याच इस्से मियाके यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीला याहून गंमत केली. यंत्रातून विणलेली लांब नळी यायची, त्यातच कपड्यांच्या रेषा आखलेल्या. घेणाऱ्याने कात्रीने कापून ड्रेस काढायचा, कड उसवायची नाही. आम्हाला तो प्रकार बुद्धिमान वाटला. घालावासा वाटला नाही.

नक्षीचं बघायचं तर इटलीच्या मिसोनी घराण्याचं नाव घ्यायलाच हवं. ओतावियो आणि रोझिता या जोडप्याने १९५३ साली छोटा कारखाना काढला. ओतावियो १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलेले. शाली विणायच्या राशेल यंत्रावर त्यांना रंगांच्या नागमोडी पट्ट्या साधल्या आणि त्या जगभर गेल्या. यंत्राला काय जमतं ते आधी बघायचं आणि नक्षी त्यातून काढायची, ही त्यांची रीत आम्हाला पटते. आपणही उरलेल्या लोकरीचे गुंडे आधी मांडतो, मग पट्टे ठरवतो.

आता गेल्या काही वर्षांतलं. २०२० साली हॅरी स्टाइल्स या गायकाने रंगीत चौकोनांचा एक कार्डिगन घातला. टाळेबंदीत घरी बसलेल्या हजारो पोरापोरींनी तो स्वतः विणून बघितला, तेव्हा जे. डब्ल्यू. अँडरसन या कंपनीने त्याची कृती फुकट देऊन टाकली. पुढे तो कार्डिगन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतला. टॉम डेली हा ब्रिटिश पोहणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांतला सुवर्णपदकवाला टोकियोला प्रेक्षकांत बसून विणत होता. पदकाला त्याने विणलेली पिशवीही केली. आणि डायनाचा तो लाल स्वेटर, पांढऱ्या मेंढ्यांमध्ये एक काळी मेंढी असलेला, २०२३ साली लिलावात ११ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. त्याचं मनगट खराब झालं म्हणून तिने तो परत पाठवला होता. मनगटच! आपल्याकडे मनगट गेलं तर तेवढंच उसवून नवं घालतात, स्वेटर परत कोण पाठवतं?

हे सगळं वाचून आम्हाला आनंद झाला आणि थोडा रागही आला. अगदी असेच चौकोनांचे स्वेटर आम्ही मुलींना विणून दिले होते. कॉलेजात घालायला त्या लाजत.

राग येण्याचं आणखी एक कारण आहे. क्रोशाचे टॉप सध्या सगळीकडे दिसतात. क्रोशाचं खरं काम करणारं यंत्र अजून नाही. म्हणजे दुकानात लटकलेला प्रत्येक खरा क्रोशा कुणाच्या तरी हाताने केलेला असतो, कितीही स्वस्त असला तरी. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या बायका पिढ्यान् पिढ्या नगावर हे काम करत आल्या आहेत. आम्हालाही एका मोठ्या शहरातल्या दुकानाने हाताने विणलेल्या कार्डिगनबद्दल विचारलं होतं. त्यांनी देऊ केलेले पैसे आम्ही तासांवर भागून बघितले. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तासाला त्याहून जास्त मिळतात. आम्ही नाही म्हटलं. आम्हाला पेन्शन आहे, नवऱ्याची किंवा स्वतःची, म्हणून नाही म्हणता आलं.

मग न उसवणाऱ्या स्वेटरचं पुढे काय होतं? ते पानिपतला जातात. आज संक्रांत, आणि आपण ग्वाल्हेरकर, तेव्हा पानिपत म्हटल्यावर १४ जानेवारी १७६१ आठवणारच. पण आजचं पानिपत जुन्या लोकरीच्या कपड्यांचं गाव आहे. परदेशातून गठ्ठेच्या गठ्ठे येतात, रंगांप्रमाणे निवडतात, बटणं-चेनी काढतात, यंत्रात फाडून पुन्हा धागा काढतात आणि त्याची घोंगडी होतात. फाडल्याने तंतू आखूड होतो, म्हणून तो धागा कमजोर. स्वेटर उसवून काढलेल्या लोकरीची सर त्याला नाही. आणि स्वेटर ॲक्रिलिकचा असेल, आपण ज्याला कॅशमिलॉन म्हणत आलो तो, तर मुळात ते प्लास्टिकच. आम्हीही वर्षानुवर्षं तेच विणलं, कारण ते स्वस्त होतं आणि पोरांना टोचत नव्हतं.

शेवटी मरून स्वेटर. काकू म्हणाल्या, “घ्या.” खांद्याच्या शिवणी सोडवल्या आणि धागा सुरू झाला, एकीने ओढायचा, दुसरीने खुर्चीच्या पाठीवर लडी करायची. मध्ये मध्ये गाठी लागत होत्या. कोपरापाशी मरूनचा रंग थोडा बदलला, पाठीत आणखी एकदा. सासूबाईंनीही तो कुठल्यातरी जुन्या स्वेटरची लोकर उसवून, भर घालून विणला होता. काकूंना हे माहीत नव्हतं. त्या बराच वेळ त्या गाठी बोटांनी चाचपत होत्या.

गळ्याची पट्टी मात्र त्यांनी उसवू दिली नाही. ती तशीच डब्यात ठेवली आहे.

लड्या धुतल्या, खाली वजन बांधून वाळवल्या, की कुरळेपणा जातो. पूर्ण बाह्यांना लोकर पुरणार नव्हती. नातीला विचारलं तर म्हणाली, “हाफ स्वेटरच हवाय, तीच फॅशन आहे.” आपल्या आजोबांचा हाफ स्वेटर! तो सध्या सुयांवर आहे, काखेपर्यंत आला आहे, आणि आज पिशवीत घालून आणला आहे. चहाच्या वेळी बघा, पण टाके गळू देऊ नका.

गुरुवारी तीन वाजता वरच्या खोलीत या. घरातला एखादा जुना स्वेटर आणा, आधी आत उलटून बघू. दहा नंबरच्या सुया आमच्याकडे कमी पडताहेत, कुणाकडे असतील तर त्याही आणा.