पाण्याचा जोर आणि हाताचे शिक्षण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलण्याचा मान मला मिळेल असे कधी वाटले नव्हते. या व्यासपीठावरून आपण डॉक्टरीणबाईंची, शिक्षिकांची, कीर्तनकार बाईंची भाषणे ऐकली आहेत. मी पडले भिंती, जिने आणि टाक्या धुणारी बाई. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा मी म्हटले, "मी काय सांगणार? मला धुण्याखेरीज काही येत नाही." त्या म्हणाल्या, "मग धुण्याबद्दलच सांगा." म्हणून आज धुण्याबद्दलच चार शब्द सांगते, आणि शेवटी मंडळाकडे एक मागणे मागते.

माझे यजमान ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, तेव्हा 2009 साली आम्ही माझ्या दोन बांगड्या मोडून पाण्याच्या माऱ्याचे एक मशीन घेतले. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ते सोसायटीच्या आवारात पाहिले असेल. मोटरीवर पंप चालतो, पंप पाणी दाबतो आणि हातातल्या गनच्या बारीक भोकातून ते फवाऱ्यासारखे बाहेर पडते. हे यंत्र काही कालचे नव्हे. जर्मनीतील कार्चर कंपनीने गरम पाण्याचे असे यंत्र युरोपात 1950 साली प्रथम काढले. आपल्याकडे मात्र ते घरोघरच्या परिचयाचे अलीकडेच झाले.

त्याचा जोर किती, हे आपल्या घरातल्या नळावरून सांगते. गच्चीवरील टाकीचे पाणी 10 मीटर खाली उतरले, म्हणजे त्याला सुमारे 1 बार दाब येतो. धंद्याच्या मशीनचा दाब 150 बार आणि त्याहूनही अधिक असतो. पाणी खर्च होते मिनिटाला 10 ते 15 लिटर, म्हणजे फार नाही. पण ते भोकातून निघते तेव्हा त्याचा वेग ताशी 600 किलोमीटरच्या आसपास असतो. जे पाणी फरशीवरचे दहा वर्षांचे शेवाळ उचलते, ते माणसाचे कातडे सोडील काय?

पण ही गोष्ट मला मशीन विकणाऱ्याने सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. त्याने बटण दाखविले, पावती दिली, मशीन रिक्षात ठेवून दिले. एवढेच माझे शिक्षण! आम्हांला वाटले, पाणी तर मारायचे, त्यात शिकावयाचे काय?

आता माझी एक चूक सांगते. ती सांगताना आजही मान खाली जाते.

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी पेठेतल्या एका जुन्या वाड्याचे काम निघाले. वाड्याच्या मालकीणबाई वृद्ध होत्या, नातीच्या लग्नापूर्वी दर्शनी भिंत स्वच्छ व्हावी एवढीच त्यांची इच्छा. एका अनुभवी काकांनी त्यांना आठ दिवसांचे काम सांगितले होते. ते म्हणाले होते, "भिंत चुन्यातली आहे, तिला मशीन लावावयाचे नाही, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने हळूहळू धुवावी लागेल." मी गेले आणि त्यांच्या निम्म्या पैशांत दोन दिवसांत करून देते म्हटले. काम अर्थातच मला मिळाले. भिंत अशी लख्ख निघाली की, रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. मला वाटले, काका जुन्या वळणाचे, त्यांना नवे यंत्र समजत नाही.

पावसाळा आला आणि भिंतीतून पाणी आत उतरू लागले. मी घाण म्हणून जे धुऊन काढले होते, त्यात विटांच्या दरजांमधला चुनाही होता. सिमेंट कठीण, ते जोर सोसते. जुना चुना मऊ, तो पाण्याबरोबर निघून जातो. वरचे शेवाळ आणि खालचा चुना यांत मशीनला फरक कळत नाही, तो धरणाऱ्याला कळावा लागतो. नातीच्या लग्नाच्या खोलीत त्या बाईंनी बादल्या मांडल्या होत्या. त्या मला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. "तुला ठाऊक नव्हते ग," एवढेच म्हणाल्या. ते मात्र मला शिवीपेक्षा लागले.

दरजा पुन्हा चुन्याने भरून घेण्याचा खर्च मी हप्त्याहप्त्याने फेडला. तो चुना भरावयास माणूस कोठे मिळेल, हे विचारावयास मला त्याच काकांच्या दारी जावे लागले, ज्यांचे काम मी हिसकावले होते. त्यांनी चहा दिला, माणूस दिला, आणि म्हणाले, "पुढच्या रविवारपासून माझ्याबरोबर येत जा." माझे खरे शिक्षण तेथून सुरू झाले.

काकांनी मला जे शिकविले ते थोडक्यात सांगते. गनच्या तोंडाला निरनिराळी नोझले बसतात आणि बहुधा रंगावरून ती ओळखतात. लाल नोझलची धार सुईसारखी सरळ, पिवळ्याची 15 अंशांत पसरणारी, हिरव्याची 25, पांढऱ्याची 40; काळे साबणाच्या पाण्यासाठी. धार जितकी अरुंद तितका तिचा घाव खोल. म्हणून आरंभ पांढऱ्याने, दुरून, आणि कोपऱ्यात हातभर जागेवर. ते पाहून मगच पुढे. शहाबादी फरशी चुनखडीची असते, तिच्यावर अॅसिड टाकले तर घाण जाते तशी फरशीही जाते. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली, तर क्लोरिन वायू निघतो; हे तर, भगिनींनो, आपापल्या न्हाणीघरातही लक्षात ठेवा. पेट्रोलवर चालणारे मशीन तळघरात किंवा टाकीजवळ बंद जागेत कधीही लावू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोप आल्यासारखा पडतो तो उठत नाही. काम संपल्यावर मशीन बंद करून गनचा घोडा एकदा दाबावा, कारण नळीत जोर कोंडून राहिलेला असतो.

एक गोष्ट त्यांनी तीन वेळा सांगितली. धार बोटाला लागली आणि टाचणी टोचल्याएवढाच ठिपका दिसला, तरी घरी जाऊन हळद लावू नये. पाणी आणि घाण आत दूरवर शिरलेली असते. आरंभी दुखतही नाही, काही तासांनी हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. तडक इस्पितळात जावे आणि "जोराच्या पाण्याची धार आत गेली आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पुढे माझ्याच एका कामगाराला असे झाले. तो हसत होता, "वहिनी, काही नाही हो, टोचलंय." मी त्याला ओढतच नेले. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि बोट वाचले. काकांचे रविवार माझ्या पदरी नसते, तर मीही त्याला हळदच लावली असती.

आता स्पर्धेविषयी. आज आमच्या धंद्यात स्पर्धा फार आहे. मशीन स्वस्त झाले, दोन महिन्यांच्या पगारात ते येते. तरुण मुले धंद्यात उतरतात याचा मला राग नाही. मीही तशीच उतरले. पण सोसायटीच्या सभेत चार कोटेशने येतात, आणि त्यांतला खालचा आकडा पाहून काम दिले जाते. माझा आकडा 9,000, दुसऱ्याचा 4,000. आपण म्हणाल, बाई महाग आहे. मधले 5,000 कोठे गेले, ते मी सांगते. माझी माणसे दोन, त्याचा एकटा. माझ्या माणसांच्या पायांत गमबूट, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. विजेच्या जोडणीला धक्का बसताच प्रवाह तोडणारे यंत्र. कामगारांचा विमा. आणि नव्या मुलाला पहिला महिनाभर गन न देता नुसते पाहावयास ठेवतो, त्याचा पगार. जो हे काही करीत नाही, त्याचा आकडा कमी येणारच. तो स्वस्त देतो ते स्वतःच्या बोटांच्या आणि आपल्या भिंतीच्या जिवावर.

वायरमनला परवाना लागतो, मोटार चालविणाऱ्याला लागतो. या यंत्रालासुद्धा आंतरराष्ट्रीय सुरक्षामानक आहे. मानक नाही ते फक्त ते धरणाऱ्या हाताला. कौशल्यांच्या पायऱ्या ठरविणारी राष्ट्रीय चौकट आपल्या देशात 2013 साली जाहीर झाली, हे चांगलेच झाले. पण आमच्या गल्लीतल्या मुलाच्या हाती गन देताना त्याला काही येते की नाही, हे आजही कोणी विचारीत नाही. ब्रिटनमध्ये या धंद्यातल्या लोकांनी वॉटर जेटिंग असोसिएशन नावाची स्वतःची संस्था काढली आहे; ती नियमपुस्तिका छापते आणि कामगारांना शिक्षण देते. म्हणजे धंद्यातली माणसे एकमेकांशी स्पर्धा करतात, पण शिक्षणापुरती एकत्र बसतात. काका आणि मी जे दोघांत केले, तेच त्यांनी मोठ्या प्रमाणावर केले.

भगिनींनो, गेल्या वर्षी आपल्या या सभागृहाच्या पायऱ्या धुतल्या गेल्या. मंडळाने सर्वांत कमी आकडा घेतला. तो माझा नव्हता म्हणून मी हे काढीत नाही. मंडळाचा पैसा वर्गणीचा आहे आणि तो जपून खर्चणे हे कार्यकारिणीचे कर्तव्यच आहे. पण त्या सकाळी मी येथून जात होते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा साध्या चपला घालून ओल्या पायरीवर उभा होता, हातांत मोजे नाहीत, गनला लाल नोझल, आणि विजेच्या वायरीचा जोड पाण्यात. मी आधी वरचे बटण बंद केले. तो घाबरला, त्याला वाटले मी काम काढून घ्यावयास आले. मग पायरीवर बसून मी त्याला दोन-चार गोष्टी दाखविल्या. जाताना त्याने विचारले, "काकू, हे सगळं शिकवतात कुठं?" मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा यजमान म्हणाले, "शिकवशील, आणि उद्या तोच तुझे काम नेईल." खरे आहे, नेईलही. पण न शिकता तो माझे काम आजही नेतच आहे! शिकला तर त्याचा आकडा थोडा वर येईल, माझा कदाचित थोडा खाली येईल, आणि मग कोणाचे काम चांगले यावर आम्ही भांडू. तसे भांडण मला मान्य आहे. काकांनी मला शिकविले तेव्हा त्यांनी हाच हिशेब केला असता, तर आज मी आपल्यासमोर उभी नसते.

तेव्हा माझे मागणे असे. मंडळाने महिन्यातले दोन रविवार हे मागचे अंगण मला द्यावे. मशीन माझे, पाणी आणि वीज तेवढी मंडळाची. फी नाही. या भागातल्या ज्या मुलांना, आणि ज्या बायकांनाही, हा धंदा करावयाचा असेल त्यांनी यावे. काका आता पंचाहत्तरीचे आहेत, पण खुर्ची टाकून बसेन म्हणाले आहेत.

दुसरे मागणे आपणा सर्वांकडे. काम देण्यापूर्वी धुणाऱ्याला पाच प्रश्न विचारा. भिंत कशाची आहे हे पाहिलेस काय, आणि कोपऱ्यात करून दाखविशील काय? माणसे किती, आणि त्यांच्या हातापायांत काय घालणार? मशीन कशावर चालते आणि ते ठेवणार कोठे? औषध कोणते वापरणार? आणि धुतलेले घाण पाणी जाणार कोठे? कारण पावसाच्या पाण्याचे गटार पुढे आपल्या मुठेलाच मिळते. जो उत्तरे देईल, त्याचा आकडा थोडा अधिक असला तरी त्याला काम द्या. आपण आठ आण्यांची कोथिंबीर घेत होतो तेव्हाही जुडी उलटून पाहिल्यावाचून घेत नव्हतो. मग माणसाचा हात जेथे पणाला लागतो, तेथे नुसता आकडा पाहून कसे चालेल?

तो मुलगा आज या सभागृहात शेवटच्या रांगेत बसला आहे. मी त्याला म्हटले होते, उत्तर वर्धापनदिनाला देईन. ते आता माझ्या हाती नाही, आपल्या हाती आहे.